पुणे उत्तरेला सरकलं

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला जया गच्चीवर पोचली. तीन दिवसांत पुणे उत्तरेला नऊ मिलिमीटर सरकलं होतं. निदान संगणक तसं म्हणत होता.

ती राहत होती त्या सोसायटीच्या गच्चीवर तिच्या संस्थेचा एक जीपीएस अँटेना होता, दुसरा हिमालयातल्या एका गावात. दोघांमधलं अंतर रोज मोजणं हे जयाचं काम. भारताचा भूपट्ट उत्तरेच्या भूपट्टाखाली शिरू पाहतो, पण तिथे अडकून बसला आहे. मधला खडक दाबला जातो, अंतर घटतं. वर्षभरात बोटाच्या पेराएवढं. आता तीन दिवसांत निम्मं पेर. अडकलेलं सुटू लागलं असेल, तर भूकंप दूर नसेल. त्या गावातल्या शाळेत जयाची मुलगी चैताली शिकवत होती. काल तिने विचारलं होतं, "येऊ का परत?" जया म्हणाली होती, "आधी बघू दे."

अँटेनाच्या दांड्याला दोरी बांधलेली होती. दुसरं टोक उत्तरेकडच्या टाकीच्या पाइपाला. दोरीवर जुनी साडी, साडीखाली कुरडया.

"सुहासिनीकाकू, ही दोरी कधीची?"

"सोमवारची. कबुतरं काही ठेवत नाहीत. कमिटीला सांगून उपयोग आहे का?"

"अहो, इथे पाटी आहे."

"वाचली की. हात लावू नये, असं लिहिलंय. हात कुठे लावला मी?"

जयाला हसू आलं. तिने गाठ सोडली. दांडा किंचित मागे आला. "तीन दिवस आमचा संगणक म्हणतोय, पुणं उत्तरेला सरकलं," ती म्हणाली.

"एवढ्याशा दोरीनं पुणं हलतं होय?" काकू म्हणाल्या. "बरंय. महापालिकेला कळवा."

जयाने तिथूनच फोन लावला. "चैताली, काकूंच्या कुरडया होत्या. काळजी नको."

"म्हणजे भरलेली बॅग रिकामी करू?"

"कर."

शुक्रवारी नवे आकडे आले. सहा मिलिमीटर परत आले होते. तीन आले नव्हते.

"दांडा थोडा वाकलेला राहिला असेल, मॅडम," शेजारच्या टेबलावरचा दिगंबर म्हणाला.

"असेल."

दुपारी तिने गच्चीवर जाऊन दांडा सरळ आहे का ते बघायला त्याला लेव्हल लावली. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. दोन्ही वेळा बुडबुडा बरोबर मधोमध थांबला.