निवडलेले दाणे

जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका डबे उघडून बसल्या, तेव्हा ती एकटीच प्रयोगशाळेत गेली आणि मुठीतले शेंगदाणे टेबलावर ठेवले. कारखान्याचा माल तपासता तसे हेही तपासून द्या, म्हणाली. तपासणारी बाई नवीन होती. तिला नाही म्हणवलं नाही.

लहान मुलांच्या खाऊसाठी इथून दाणे जात. पट्ट्यावरून सरकणाऱ्या दाण्यांतले काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले वेचून टोपलीत टाकायचे, हे तिचं काम. टोपलीतला माल मुकादम दर शनिवारी बायकांनाच वाटून टाकायचा, फुकट. तीही पिशवीभर न्यायची, खरपूस भाजायची आणि कूट करून पोरीच्या भातावर घालायची. पोरीला पाचवं सरत आलं होतं, पण तिसऱ्या वर्षीचा फ्रॉक अजून अंगावर ढगळ होत होता.

सुट्टी संपता संपता बाईने तिला जवळ बोलावलं.

"यात बुरशीचं विष आहे. रोज पोटात गेलं तर मुलांची वाढ खुंटते."

"मी चांगले भाजते, ताई."

"भाजून बुरशी मरते. विष तसंच राहतं."

हे मुकादमाला माहीत आहे का, असं तिने विचारलं. वेचलेला माल जाळायचा असा नियम आहे, एवढंच बाई म्हणाली आणि कागद चाळू लागली.

शनिवारी पिशव्या घेऊन रांग लागली तेव्हा तिने रांगेतच सगळं सांगितलं. कुणी हसलं, कुणी भरलेली पिशवी टोपलीत रिकामी केली. पट्ट्यावर तिच्या शेजारी बसणारी म्हातारी मात्र तिच्याकडे टक लावून पाहत राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं मी नातवंडांना विष घातलं, असं म्हणतेस?"



बोलणं मुकादमाच्या कानावर गेलं आणि वाटप बंद झालं. प्रयोगशाळेतली बाईही महिनाअखेर दिसेनाशी झाली. बायकांनी तिच्याशी बोलणं सोडलं. डबा खायला ती गोण्यांच्या आडोशाला बसू लागली. म्हातारीने पट्ट्यावरची जागा बदलून घेतली. घरी पोरगी नुसत्या भाताकडे बघून तोंड फिरवायची.

मग एका संध्याकाळी, भोंगा व्हायच्या जरा आधी, तिने पट्ट्यावरचे चांगले दाणे उचलले. गुलाबी, टपोरे, एकही डाग नसलेले. खोकल्यासारखं करून ते तोंडात टाकले आणि जिभेने गालात सारले. फाटकावर पहारेकरीण पिशवी उलटी करायची, खिसे चाचपायची; तोंड उघडायला सांगत नसे. दात लागू न देता घरापर्यंत चालायचं ती तीन-चार दिवसांत शिकली.

एके दिवशी ती अशीच गालात दाणे धरून बाहेर पडली, तर फाटकाबाहेर म्हातारी तिची वाट पाहत थांबली होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून, इतक्या दिवसांनी, हळूच म्हणाली, "पोरगी कशी आहे गं तुझी?"

तिचे डोळे भरून आले. मागे पहारेकरीण बघत होती. तिने ओठ घट्ट मिटले आणि मान खाली घातली.

म्हातारी थोडा वेळ थांबली. मग तिने हात काढून घेतला आणि ती चालू लागली.