बादलीतला हॅगफिश

“मासा सडून पार शेंबूड झालेला, मॅडम. समुद्रात टाकला नि बादली लख्ख घासली,” जहाजाचा आचारी दत्ताराम शाबासकीच्या आशेनं म्हणाला.

समुद्री जीवांची संशोधक मृण्मयी रिकाम्या बादलीत पाहत राहिली. मासा सडला नव्हता. हॅगफिश हा खोल समुद्रातला मासा घाबरला की बादलीभर शेंबूडच सोडतो. सहा वर्षं शोधून मिळालेला हा एकच, आणि हॅगफिशची ही जात याआधी कुणीच पाहिली नव्हती. बादलीवर तिनं चिठ्ठी लावली होती, पण लॅटिनमध्ये. महिनाभर दत्तारामच्या हातचं जेवून आपण काय शोधतोय ते तिनं त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

आता सांगितलं. त्या माशाला डोळे नसतात, हेसुद्धा.

संध्याकाळी तो कठड्याशी गळाला सुका बोंबील लावून बसलेला दिसला.

“डोळे नसले तरी वास येईल. दोरी शंभर हात आहे. पुरेल ना?”

तळ दोन किलोमीटर खाली होता.

“पुरेल की,” म्हणत ती शेजारी बसली.