कच्ची खळ

वत्सलाबाईंनी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा हिरवा चमचमता कागद पिसासारखा कापला आणि चिकटवहीतल्या मोरावर ठेवून पाहिला.

"जरा तिरकं लाव," अंथरुणावरून नवरा म्हणाला. उभी हयात त्याने पुस्तकं बांधली होती. आता हात थरथरत, पण नजर तशीच तिखट होती.

औषधांच्या कागदांचा मोर करायची कल्पना त्याचीच. त्या पानावर वाकलं की दोघांनाही दुखण्याचा विसर पडे, कधी कधी तर चक्क हसू फुटे. पण एकदा तो सहज बोलून गेला, "पिसारा भरला की मी सुटलो बघ." तेव्हापासून पिसारा काही भरेना. दुपारी मैद्याच्या खळीने चिकटवलेलं पीस सकाळी गळालेलं असे आणि बाई म्हणत, "हल्ली मैदाच धड मिळत नाही."

आज त्याने गळालेलं पीस मागून घेतलं. त्याची मागची बाजू बोटाने चाचपली.

"मैद्याला कशाला बोल लावतेस? खळ कच्चीच उतरवतेस तू."

बाईंनी मान खाली घातली.

"आता पुरे गं," तो हळूच म्हणाला. "दमलो मी."

बाई उठल्या. मैदा पाण्यात कालवून त्यांनी मंद आचेवर ठेवला. खळ चकाकू लागली, पळीला धरू लागली. पदराने डोळे टिपत त्या ढवळत राहिल्या. डोळ्यातल्या पाण्याचा एक थेंबही त्यांनी खळीत पडू दिला नाही.