आठवड्याला एक पिल्लू

"आठवड्याला एक दिलं तर चालेल ना?" बाईंनी विचारलं.

दुकानदाराचा हात फ्रीजरच्या झाकणावर तसाच राहिला. पाळीव सरड्याला उंदराचं पिल्लू द्यायचं ते महिन्यातून एकदा, तेही चैन म्हणून. एरवी पाला, अळ्या, रातकिडे. वीस वर्षं तो हे गिऱ्हाइकांना दरडावून सांगत आला होता. पण महिन्याला एक पिल्लू म्हणजे बाई महिन्यातून एकदाच येणार.

"चालेल की," तो म्हणाला. "न चालायला काय झालं?"

"नक्की ना? मला यातलं काही कळत नाही."

"डोळे झाकून द्या. कोमट पाण्यात ठेवायचं, मऊ झालं की चिमट्याने समोर धरायचं."

बाईंनी मान डोलावली. गोठवलेलं पिल्लू कागदात गुंडाळून घेतलं आणि जाताना वळून हसल्या. त्या हसण्यावर दुकानदाराचे पुढचे चार दिवस गेले.

दुकानात मासे, पक्षी, कासवं आणि त्याची थोरली बहीण. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून बहीणच काचा पुसायची, पाणी बदलायची आणि भावाला टोमणे मारायची. दर गुरुवारी भाऊ गुळगुळीत दाढी करून येतो, हे तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"सगळ्यांना ताई म्हणतोस," ती म्हणाली. "त्यांनाच तेवढं मॅडम का रे?"

"तोंडात येतं ते म्हणतो, अक्का."

"तोंडात काय येतंय ते दिसतंय मला."

गुरुवारी बाई यायच्या, पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास थांबायच्या. सरडा नवऱ्याचा होता. नवरा बोटीवर नोकरीला. वर्षातले नऊ महिने घराबाहेर. सरड्याचं नाव त्याने साहेब ठेवलं होतं.

"फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. साहेब कसे आहेत?" बाईंनी एकदा सांगितलं.

"आणि तुम्ही कशा आहात, ते?"

"ते विचारायचं राहून जातं."

पैसे देताना त्यांची करंगळी वाकत नसे. त्याने एकदा विचारलं.

"दारात सापडली," त्या म्हणाल्या. मग पर्स बंद करत, "साहेबांच्या पेटीतला उबेचा दिवा विझला होता त्या दिवशी. माझं लक्ष नव्हतं."

त्या दिवशी त्याने पिल्लाचे पैसे घेतले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात बाई म्हणाल्या, "पोट जमिनीला टेकायला लागलंय हो साहेबांचं."

"अंग धरलंय. चांगलं लक्षण आहे."

"मग दोन देऊ का?"

त्याने दोन दिली.

त्या गेल्यावर बहिणीने हातातलं फडकं बादलीत आपटलं. "लाज वाटते का तुला? चरबीने आतून सडून मरेल तो."

"इतक्यात काही होत नाही."

"तुझ्या हौसेपायी मुक्या जिवावर उठलायस. त्यांना खरं सांग."

"सांगतो."

त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गुरुवार गेला असता. महिनाभर तो रोज उद्यावर ढकलत राहिला आणि दर गुरुवारी दोन पिल्लं देत राहिला.

मग एका सोमवारी, भर दुपारी, बाई आल्या. हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यांनी ते काउंटरवर ठेवून उघडलं.

साहेब कुशीवर पडले होते. डोळे खोल गेलेले, तोंड अर्धवट उघडं. दुकानदाराने बोट लावलं, तर पाय नुसता थरथरला. वीस वर्षांत त्याने असं पुष्कळदा पाहिलं होतं. औषधाची वेळ निघून गेली होती.

"हे शनिवारी येतायत," बाई म्हणाल्या. "बोट लागतेय."

त्याला त्यांची ताठ करंगळी दिसली. एका दिव्यासाठी एवढं, तर याच्यासाठी तो माणूस काय करेल?

"मॅडम, हे माझ्यामुळे झालं." तो म्हणाला. "मी खोटं बोललो तुमच्याशी. महिन्याला एकच द्यायचं असतं. मला माहीत होतं. तुम्ही येत राहावं म्हणून मी... तुम्ही घरी जाऊ नका. अक्काकडे राहा. मी भेटतो त्यांना, सगळं माझ्या अंगावर घेतो."

बाईंनी खोक्याचं झाकण सावकाश लावलं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"महिन्याला एकच. तुमच्याआधी चार दुकानं पालथी घातली मी. चौघांनीही तेच सांगितलं. एकाने तर हाकललं मला. तुम्ही पाचवे."

"मग... का?"

"या एका जनावराशिवाय त्यांचा जगात कशावर जीव नाही. मग दुसरं काय मारणार होते मी?"

"अहो, पण ते जाब विचारतील तुम्हाला!"

"विचारला की. काल, फोनवर." बाईंनी खोकं काखेत घेतलं, पदर सारखा केला आणि पहिल्या दिवशी हसल्या होत्या तसंच वळून हसल्या. "मी म्हटलं, मला यातलं काय कळतं? दुकानदार म्हणाले तसं करत गेले. शनिवारी बोटीवरून उतरले की ते घरी येणार नाहीयेत. आधी तुमच्याकडे येतायत."