सहा दिवस, चार राज्यं

“ह्यात सुपीरिअर सरोवर कुठे आहे?” आर्डिसने विचारलं.

व्हर्लिनने पेन्सिल कानामागे खोचली. “तेवढं नाही बसलं,” तो म्हणाला. “बाकी सगळं बसवलंय. सहा दिवस, चार राज्यं, सतरा ठिकाणं. बघ तरी.”

आर्डिस बघतच होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला होता. तोही अर्धाच. उत्तरेकडचा भाग खाली दुमडून त्यावर रुबार्बच्या केकचं ताट ठेवलं होतं. तिला हवं होतं ते सरोवर त्या केकखाली होतं.

विस्कॉन्सिनच्या ह्या टेकड्यांत दोघांनी चव्वेचाळीस वर्षं गाई सांभाळल्या. दिवसातून दोनदा दूध काढायचं. नाताळ असो, पोरीचं लग्न असो, दूध काढायचं. शेजारी मदतीला यायला एका पायावर तयार असत, पण परक्या हाताला गाई पान्हा सोडत नाहीत असं व्हर्लिनचं ठाम मत. लग्न झालं त्याच आठवड्यात ही जोडी सुपीरिअर सरोवर बघायला निघाली होती, आणि गाईंच्या काळजीने अर्ध्या वाटेवरून परत आली. “पुढच्या वर्षी नक्की,” व्हर्लिन म्हणाला होता. मग तो दर वर्षी तेच म्हणाला. आर्डिस चिडली नाही. म्हणजे चिडली, पण बोलली नाही. इकडच्या बायका बोलत नाहीत, भांडी जरा जोरात ठेवतात.

मार्चमध्ये गाई विकल्या. एप्रिलमध्ये आर्डिसने निळी बॅग विकत आणली. आणि मे महिनाभर व्हर्लिन रोज जेवण झालं की रंगीत पेन्सिली घेऊन नकाशावर वाकलेला. त्याला असं खुशीत तिने कधी बघितलं नव्हतं. म्हणून तिने मध्ये तोंड घातलं नाही.

“हा पहिला दिवस, हिरवा,” तो सांगू लागला. “आधी चीजचा कारखाना, मग मिसिसिपीचा धक्का. तिथे बोटी बघायच्या. दुसऱ्या दिवशी आयोवातला जुना लाकडी पूल. आणि तिसऱ्या दिवशी ती पंचवीस फुटी गाय. फायबरची आहे. आत जिना आहे म्हणे.”

“जन्मभर खऱ्या गाई बघितल्या, आता फायबरची बघू?”

“मोठी आहे गं फार.”

आर्डिसने चष्मा लावला. हिरवी रेघ घरापासून निघत होती, नदीपर्यंत जात होती आणि वळसा घेऊन घरी येत होती. निळी आयोवात जाऊन घरी येत होती. लाल मिनेसोटात जाऊन घरी. सहाच्या सहा रेघांचं तेच. नकाशावर सहा पाकळ्यांचं फूल झालं होतं आणि मधोमध त्यांचं घर.

“व्हर्लिन, आपण झोपायचं कुठे?”

“म्हणजे काय? घरी.”

“सहा दिवसांची सहल आणि सहाही रात्री आपल्याच पलंगावर? मग ती निळी बॅग मी भरू कशाला? तुला यायचंच नसेल तर तसं सांग की सरळ.”

एवढं लांबलचक ती गेल्या कित्येक वर्षांत बोलली नव्हती. व्हर्लिनचा चेहरा उतरला. आर्डिसलाही वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून गेले होते.

“यायचं नाही?” तो म्हणाला. “अगं, महिनाभर राबतोय मी. मिनिटा-मिनिटाचा हिशोब केलाय.” त्याने वही तिच्यापुढे सरकवली.

तिने वही उघडली. सात वीसला निघणे. नऊ चाळीस, चीज. अकरा, धक्का. एक वाजता सँडविच. दोन दहाला परतीचा रस्ता. साडेचार, घर. तिने पान उलटलं. साडेचार, घर. पुढचं पान. साडेचार, घर. एका दिवशी तर त्याने बिचाऱ्याने संग्रहालयच गाळलं होतं, दहा मिनिटं उशीर होत होता म्हणून.

“साडेचारला घरी काय आहे?” तिने विचारलं.

“साडेचारला नको का यायला? पाचला दूध...”



“गोठ्यात काय आहे, व्हर्लिन?”

“काही नाही.”

“कधीपासून?”

“मार्चपासून,” व्हर्लिन म्हणाला आणि खिडकीतून गोठ्याकडे बघू लागला. तिथे आता शेजाऱ्याचा ट्रॅक्टर उभा होता.

आधी आर्डिसचे खांदे हलले. मग ती टेबल धरून हसायलाच लागली. त्यालाही हसू फुटलं, आणि मग दोघांना आवरेना. त्याला ठसका लागला. तिने हसत हसतच त्याला पाणी दिलं. त्याला आपल्याबरोबर यायचं होतं, मनापासून यायचं होतं, हे कळून ती इतकी सुखावली की तिथेच त्याच्या टकलाचा मुका घेतला.

व्हर्लिनने केकचं ताट उचलून ओट्यावर ठेवलं. नकाशाचा दुमडलेला भाग उघडला. खालचा अर्धा हाताळून हाताळून मऊ झाला होता, वरचा करकरीत नवा होता. ते निळं पाणी टेबलाबाहेर लोंबायला लागलं. त्याने लाल पेन्सिल घेतली आणि घरापासून थेट वर रेघ ओढली. सरोवरापाशी हात थांबला. सवयीने वळायला गेला, पण त्याने पेन्सिल खाली ठेवली.

मग तो खुर्चीत बसला. चेहरा जरा गोंधळलेला.

“आर्डिस,” तो म्हणाला, “संध्याकाळी पाच वाजता लोक करतात तरी काय?”

आर्डिसने खरंच विचार केला. बराच वेळ केला.

“मला तरी कुठे माहितीये,” ती म्हणाली. “जाऊन बघू.”