मानाची जागा

"बोअरमधून निघालेल्या खडकाच्या कांडीत गार्नेटचे लाल खडे आलेत, साहेब. तांबं जवळच असणार. अजून वीस मीटर खोल जाऊ द्या," नवी भूवैज्ञानिक काकुळतीला येऊन म्हणाली.

"तांब्याची एवढी हौस असेल, तर घरी जाऊन भांडी घासा, बाई!" सगळ्या मजुरांदेखत साहेब हसले आणि त्यांनी बोअर बंद करायला लावला.

ते हसू बाईंनी बावीस वर्षं जपून ठेवलं. कंपनीच्या प्रमुख झाल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी तोच बोअर पुढे खणायला घेतला. तिथून सतराव्या मीटरला तांबं लागलं.

खाण सुरू व्हायच्या दिवशी निवृत्त साहेब काठी टेकत हजर झाले. "बाई, बोअर माझ्याच कारकिर्दीतला हो. खाणीच्या इतिहासात माझं नाव यायला हवं."

"हे काय सांगायला हवं, साहेब? तुमच्याशिवाय इतिहास पुरा होईल का? अगदी दारातच लावलंय, या." बाईंनी त्यांना हाताला धरून नेलं.


फाटकावर काचेच्या चौकटीत साहेबांचा जुना अहवाल झळकत होता: 'या टेकडीत तांबे नाही. शोध थांबवावा.' अहवालाची अक्षरं मूळ आकाराचीच होती. खालची साहेबांची सही मात्र बाईंनी मुद्दाम चौपट मोठी करून घेतली होती.