स्वस्त आवृत्ती

“दोन चहांच्या पैशात पुस्तक, बाई! खिशात मावेल असं,” प्रकाशक तिसऱ्यांदा म्हणाला.

बाई तिसऱ्यांदा नाही म्हणाल्या. शाळेत आयुष्य गेल्यामुळे नाही म्हणायची सवय होतीच, पण आज आवाजात जीव नव्हता.

त्यांची एकुलती एक कादंबरी बावीस वर्षांपूर्वी निघाली होती. जाड पुठ्ठा, पाचशे प्रती, आणि किंमत अशी, की पाहुणे पुस्तक हातात घेत आणि अलगद जागेवर ठेवत. बाईंना त्या किमतीचा मोठा आधार होता. आता या माणसाच्या पातळ कव्हरच्या पुस्तकांनी कहर केला होता. न्हाव्याच्या दुकानात, बसथांब्यावर, जिथे तिथे लोक वाचत बसलेले.

जगाने वाचावं, बाईंची ना नव्हती. फक्त एका माणसाने वाचू नये. नवव्या प्रकरणात नायिका घर सोडून अकरा दिवस एका माणसाकडे जाऊन राहते. लोकांनी बाईंच्या कल्पनाशक्तीचं कौतुक केलं होतं. त्यात कल्पना काडीचीही नव्हती. नवऱ्याला त्यांनी तेव्हा ‘माहेरी जाते’ असं सांगितलं होतं.

आणि नवरा समोरच पेपर वाचत बसला होता.

“अगं, कर की सही,” तो म्हणाला. “जाडजूड पुस्तक धरलं की मला डुलक्या येतात. पेपर घेतो तिथेच तुझं पुस्तक मिळालं, तर मीही वाचेन.”

या लपवाछपवीचा बाईंना आता वीट आला होता.

“नववं प्रकरण गाळलं तर चालेल?” त्यांनी प्रकाशकाला विचारलं.

“चालेल? धावेल! सोळा पानं कमी म्हणजे आणखी स्वस्त. कराराचे कागद गाडीत आहेत, आलोच घेऊन.” तो जिना उतरून गेला.

बाईंनी कपाटातून प्रत काढली आणि नवव्या प्रकरणावर लाल पेन्सिलीने फुली मारली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आयुष्यात त्या तेवढ्या सोळा पानांतच खरं बोलल्या होत्या.

“गाळू नकोस ते,” नवरा म्हणाला. त्याने पेपरातून मान वर केली नव्हती.

“का हो?”

“चांगलं लिहिलंयस.” त्याने पेपरचं पान उलटलं. “फक्त त्या माणसाला उगाच उंच केलंस. माझ्या खांद्याला लागत होता तो.”